घरी चीज करायचं सामान: काय आणायचं, कुठे शोधायचं, कशाला पैसे घालायचे नाहीत

निवळी
पनीरच्या पुढची पायरी, म्हणजे रेनेट (दूध जमवणारं एन्झाइम) लावून केलेलं चीज, घरी करू पाहणाऱ्यांसाठी हा धागा. पाककृती जालावर ढिगानं आहेत, त्या इथे नकोत. नडतं ते सामान, तर त्याबद्दल बोलू.

आधी शब्दांचं. रेनेटने घट्ट झालेल्या दुधाला मी 'कर्ड' म्हणणार, कारण दही म्हटलं की विरजणाशी घोळ होतो. त्यातून सुटणारं हिरवट पिवळं पाणी म्हणजे निवळी.

४ लिटर दुधाच्या एका घाण्याला लागतं ते असं: ६ लिटरचा जाड बुडाचा स्टीलचा टोप आणि तो आत बसेल असा मोठा टोप (पाण्यात ठेवून तापवायला), थर्मामीटर, टोपाच्या बुडाला टेकेल एवढी लांब पात्याची सुरी, झारा, मोठी चाळणी, मलमलचा दीड मीटर तुकडा, सुईशिवायच्या १ आणि ५ मिलीच्या सिरिंज आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा. टोप अ‍ॅल्युमिनियमचा नको आणि कल्हई उडालेला पितळेचा तर नकोच. दूध आंबट होत जातं, धातू खातं आणि चव बिघडते. लांब सुरी केकचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते, आयसिंग लावायचं बारा इंची सरळ पातंही चालतं. सिरिंज औषधाच्या दुकानात.

यातलं निम्मं घरात असतंच. 'बिगिनर चीज किट' म्हणून जे विकतात त्यात बहुतेक वेळा सायट्रिक अ‍ॅसिड, मीठ, पातळ कापड, साधा थर्मामीटर आणि चिमूटभर रेनेट असतं. त्यातली दुर्मीळ वस्तू एकच, रेनेट. तेवढंच सुटं आणा.

खारी_बिस्किट
थर्मामीटर म्हणून लॉकडाऊनमध्ये घेतलेली कपाळावर धरायची गन पडून आहे. चालेल का?

निवळी
नाही. ती ताप मोजायच्या पल्ल्यातच चालते, ४२-४३ अंशांच्या पुढे हात टेकते. स्वयंपाकाची इन्फ्रारेड गन घेतली तरी ती वरच्या थराचंच तापमान सांगते, आणि न ढवळलेल्या दुधात वर आणि तळाशी सहज ४-५ अंशांचा फरक असतो. टोचायचा डिजिटल घ्या, दांडी निदान १२ सेंमी लांब.

आणल्या आणल्या तपासा. ग्लासभर बर्फाचा चुरा, तो जेमतेम बुडेल एवढं पाणी, दोन मिनिटं ढवळून ० यायला हवं. मग उकळत्या पाण्यात. इथे मुंबई-गोव्याकडच्यांनी १०० धरा, पण पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, तिथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. ९८ दिसलं म्हणून यंत्र परत करू नका. फरक आढळला तर कागदावर लिहून दांडीला चिकटवा, एवढंच.

दूधखुळा
सामानाची यादी ठीक, पण नवख्यांचं चीज नव्वद टक्के वेळा दुधापायी फसतं. तेव्हा दूध हेही सामानच समजा आणि ते 'शोधा'.

१. टेट्रापॅक अजिबात नको. ते १३५ अंशांच्या वर तापवलेलं असतं. एवढ्या उष्णतेत निवळीतली प्रथिनं केसिनच्या (दुधातलं मुख्य प्रथिन, ज्याचं कर्ड होतं) कणांना जाऊन चिकटतात आणि रेनेटला काम करायला जागाच उरत नाही. तासभर थांबलात तरी हाती येतं पातळ खिरीसारखं काहीतरी.

२. याच कारणाने *दूध उकळायचं नाही*. हे लिहायला सोपं, पाळायला अवघड. आपल्याकडे पिशवी फोडली की हात आपोआप गॅसकडे जातो. पिशवीवर 'पाश्चराइज्ड' लिहिलेलं असेल तर थेट वापरा.

३. गवळ्याचं किंवा तबेल्यातलं कच्चं दूध असेल तर मात्र तसंच वापरू नका. ब्रुसेलोसिस आणि क्षय दोन्ही कच्च्या दुधातून येऊ शकतात. टोपात टोप ठेवून ६३ अंशांवर न्या आणि अर्धा तास तिथेच धरा, मधूनमधून ढवळत. मग बर्फाच्या पाण्यात ठेवून झटकन गार करा. ७५-८० च्या पुढे गेलं की पुन्हा वरचाच प्रश्न.

४. पिशवीवर 'होमोजिनाइज्ड' (साय वेगळी होऊ नये म्हणून स्निग्धांश बारीक करून मिसळलेलं) असेल तर चालतं, पण कर्ड मऊ येतं आणि कापताना चुरा होतो. साय वर धरणारं दूध मिळालं तर ते आधी घ्या.

५. टोन्ड (३ टक्के स्निग्धांश) आणि डबल टोन्ड (१.५ टक्के) यांत अनेकदा दूध पावडर मिसळून घटक जुळवलेले असतात. पहिल्या प्रयत्नाला नको. गाईचं दूध, नाहीतर फुल क्रीम (६ टक्के).

६. म्हशीच्या दुधाला कोणी नाक मुरडू नये. इटलीतलं मूळचं मोझरेला म्हशीचंच. स्निग्धांश, केसिन, कॅल्शियम सगळंच जास्त, त्यामुळे लवकर आणि टणक जमतं. तोट्याची बाजू अशी की ते आंबट व्हायला जास्त आम्ल मागतं, आणि मुरवायच्या चीजमध्ये कोरडं पडतं. अर्धं गाईचं अर्धं म्हशीचं हा सुरुवातीला चांगला तोडगा.

कोणतं दूध जमेल याची चाचणी अर्ध्या लिटरवर करा. ३२ अंशांवर रेनेट लावून पाऊण तास ठेवा. सुरी तिरपी घालून हलकेच वर उचलली की कर्ड स्वच्छ फाटलं पाहिजे आणि फटीत स्वच्छ निवळी भरली पाहिजे. फट खरबरीत, पांढरं पाणी, म्हणजे ते दूध बाद.

सॅनहोजेकर
अमेरिकेतल्यांसाठी भर: इथे गॅलनवर 'अल्ट्रा पाश्चराइज्ड' (टेट्रापॅकसारखंच फार तापवलेलं) लिहिलंय का ते बघा, असेल तर नको. ऑरगॅनिक दूध बऱ्याचदा तसंच असतं, म्हणजे महागडं घेऊन फसायची सोय. साधं स्वस्त पाश्चराइज्ड होल मिल्क बरं पडतं.

खारी_बिस्किट
आता रेनेट. किराणावाला 'रेनिट' म्हटल्यावर अ‍ॅसिडिटीची गोळी दाखवतो. 😐

दुसरीवाफ
किराण्यात मिळणारच नाही. तीन ठिकाणी मिळतं: ऑनलाइन, बेकरी-डेअरीचा कच्चा माल विकणाऱ्यांकडे, आणि छोट्या प्रमाणावर चीज बनवून विकणारे कधीकधी सुटं देतात.

शाकाहाराची शंका येतेच, तर: आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांतल्या चीजच्या व्याख्येतच रेनेट 'प्राणिज नसलेलं' असं आहे. इथे विकायला असतं ते दोन प्रकारचं. एक मायक्रोबियल, म्हणजे र‍्हायझोम्युकर मिहाय या बुरशीपासूनचं. दुसरं किण्वनाने तयार केलेलं कायमोसिन, म्हणजे वासराच्या पोटात असतं तेच एन्झाइम, पण बुरशी किंवा यीस्टकडून बनवून घेतलेलं. ताज्या चीजला दोन्ही सारखीच. दोन-तीन महिने मुरवणार असाल तर दुसरं घ्या, कारण मायक्रोबियल प्रथिनं जास्त तोडतं आणि कडवटपणा येतो.

घेताना पाकिटावर ताकद बघा, ती आयएमसीयूमध्ये (दूध जमवायच्या ताकदीचं एकक) लिहितात. पातळ रेनेट मिलीला २०० आयएमसीयूचं असेल तर ४ लिटरला १ ते १.२५ मिली. पावडर याच्या कितीतरी पट तीव्र असते, म्हणून तो ०.०१ ग्रॅमचा काटा. 'चिमूटभर' हे माप इथे चालत नाही. छोट्या पाकिटात भरून विकलेल्या पावडरीवर ताकद लिहिलेलीच नसेल तर ती घ्यायची, पण वापरण्याआधी चाचणी करायची (खाली कोणीतरी लिहाच).

आणि पाणी! रेनेट ४०-५० मिली पाण्यात विरघळवून घालतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन रेनेट मारतं. पाणी उकळून गार करा किंवा प्यायच्या फिल्टरचं घ्या. विरघळवलेलं रेनेट उरवून ठेवता येत नाही, अर्ध्या तासात वापरा. पातळ रेनेट फ्रिजमध्ये, गोळ्या आणि पावडर फ्रीझरमध्ये.

काष्ठौषधी
पनीर डोडा? आयुर्वेदिक जडीबुटीच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मिळतो आणि दूध जमवतो म्हणतात.

दुसरीवाफ
जमवतो, खरं आहे. विथानिया कोअ‍ॅग्युलन्स, अश्वगंधेचा भाऊबंद. पण प्रत्येक फळात जोर वेगळा, किती दिवस पडून होता त्यावर आणखी वेगळा, आणि चव कडवट उतरते. जमलं नाही तर दूध वाईट होतं की डोडा, हे कळायला मार्ग नाही. आधी रेनेटने हात बसू द्या, मग खुशाल प्रयोग करा.

निवळी
ताकदीच्या चाचणीचं मी लिहिते. ही एक गोष्ट जमली की लेबलांवर अवलंबून राहावं लागत नाही.

अर्धा लिटर दूध ३२ अंशांवर आणा. मोजलेलं रेनेट घालून अर्धा मिनिट ढवळा, दूध थांबवा, घड्याळ लावा. दुधावर एक हलकी प्लास्टिकची छोटी वाटी तरंगत ठेवा. सहाव्या मिनिटापासून दर अर्ध्या मिनिटाला तिला बोटाने हलकी गिरकी द्या. आधी ती भिंगरीसारखी सरसर फिरते, मग फिरणं जड होत जातं, आणि एका क्षणी बोट लावलं तरी जागची हलत नाही. ती वेळ टिपा.

ही वेळ १० ते १५ मिनिटांत यायला हवी. ७ मिनिटांतच वाटी अडकली तर रेनेट जास्त झालं, मुरल्यावर चीज कडू होणार. २०-२५ मिनिटं लागली तर कमी पडलं. वेळ आणि प्रमाण साधारण व्यस्त चालतात: ०.१५ मिलीला ८ मिनिटं लागली आणि तुम्हाला १२ हवीत, तर ०.१५ × ८ ÷ १२ = ०.१ मिली. त्यावरून ४ लिटरचा हिशोब करा आणि डबीवर लिहून ठेवा.

कर्ड कधी कापायचं तेही यावरूनच ठरतं. वाटी अडकायची वेळ चेडरसाठी ३ ने गुणा, फेटासाठी ४ ने, कॅमेम्बर्टसारख्या मऊ चीजसाठी ५-६ ने. १२ मिनिटं आली असतील तर चेडरचं कर्ड रेनेट घातल्यापासून ३६ व्या मिनिटाला. पाककृतीत छापलेली '४५ मिनिटं' त्या माणसाच्या दुधाची आणि त्याच्या रेनेटची असतात, तुमच्या नव्हेत.

(सायट्रिक अ‍ॅसिड घातलेल्या दुधावर ही चाचणी करू नका. आंबट दूध भराभर जमतं, आकडा खोटा येतो.)

चक्काबहाद्दर
भिंगरी आवडली.

दूधखुळा
रसायनांचं:

कॅल्शियम क्लोराइड. कर्ड घट्ट यावं म्हणून पाश्चराइज्ड गाईच्या दुधाला लागतं, म्हशीच्याला सहसा नाही. लिटरला ०.२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे ४ लिटरला ०.८ ग्रॅम. पाव वाटी गार पाण्यात विरघळवा (पाणी कोमट होईल, घाबरू नका), रेनेटच्या आधी पाच मिनिटं दुधात घाला. जास्त झालं तर कडू लागतं. कपाटातली दमट हवा शोषायला ठेवतात तेही कॅल्शियम क्लोराइडच, पण ते खाण्यासाठी बनवलेलं नसतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. डब्यावर 'फूड ग्रेड' हवंच. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलवाल्यांकडे विचारा, बाकीच्यांना ऑनलाइन.

सायट्रिक अ‍ॅसिड म्हणजे लिंबूफूल, कुठल्याही किराण्यात. झटपट मोझरेलाला ४ लिटर गाईच्या दुधाला ७ ग्रॅम, म्हशीच्या दुधाला ८. पाव लिटर पाण्यात विरघळवून *गार* दुधात घाला. कोमट दुधात घातलं तर लगेच कणी धरते आणि मग आहेच पनीर.

मीठ. आयोडीन आणि गुठळ्या न होण्यासाठी घातलेले पदार्थ नकोत. सैंधव घ्या, बारीक कुटून. कर्डच्या वजनाच्या २ टक्के.

विरजणवाली
विरजणाबद्दल कोणीच बोललं नाही. पाकिटातली कल्चर्स दोन जातींची: मेसोफिलिक (२५-३५ अंशांत रमणारी, चेडर, गौडा, फेटा) आणि थर्मोफिलिक (३७-४५, विरजण लावून केलेलं मोझरेला, पार्मेझान). पाकीट ५० किंवा १०० लिटरचं असतं आणि आपण करणार ४ लिटर. पाकीट न फोडता आधी चांगलं हलवा, वजन भागिले लिटर करून काट्यावर तोला, उरलेलं घडी घालून हवाबंद डबीत फ्रीझरला. ओलसर चमचा आत घातलात तर अख्खं पाकीट गेलं. दुधावर भुरभुरवून ३ मिनिटं तसंच सोडा, मग ढवळा. लगेच ढवळलं तर गोळ्या होतात.

पाकीट न आणता चालतं का? थर्मोफिलिकच्या जागी ताजं साधं दही किंवा योगर्ट चालतं, लेबलवर दूध आणि कल्चर एवढंच असलेलं. ४ लिटरला ५०-६० मिली, आधी घुसळून गुळगुळीत करून. घरचं पिढ्यान्‌पिढ्यांचं विरजण कितीही गोड लागत असलं तरी त्यात यीस्ट आणि इतर काय काय असतं ते सांगता येत नाही. दह्यात ते खपून जातं, महिनाभर मुरणाऱ्या चीजमध्ये नाही. मेसोफिलिकसाठी पाकिटातलं मसाला ताक तर नकोच, त्यात मीठ-जिरं असतं आणि कधीकधी ते पुन्हा तापवलेलं असतं.

कोथरूडचा_काका
साचा नि प्रेस (चीज दाबायचं यंत्र). प्लंबरकडचा चार इंची पीव्हीसी पाइप कापून साचा होईल ना? अनेक व्हिडिओत तसंच करतात.

दुसरीवाफ
काका, नको. तो सांडपाण्यासाठी बनवलेला असतो, अन्नासाठी नाही. तुम्ही त्यात आंबट, कोमट आणि स्निग्ध पदार्थ रात्रभर दाबून ठेवणार आहात. बुडाला त्रिकोणात ५ लिहिलेला, सरळ भिंतीचा पॉलीप्रॉपिलीनचा डबा घ्या. भोकं २-३ मिमीची, दोन-दोन सेंमीवर, ड्रिल *आतून बाहेर*. म्हणजे कंगोरे बाहेर राहतात, आत कर्ड अडकत नाही. वरून दाबायची चकती त्याच डब्याच्या आत सैलसर बसणारी हवी. तोच डबा दुसरा घेऊन त्याचं बूड कापलं की झाली.

स्टीलचा डबा भोकं पाडून उत्तमच, पण ड्रिल करून घेणारा शोधावा लागतो. पारशी टोपली पनीर बांबूच्या छोट्या टोपल्यांत जमवतात, तेही रेनेटवालंच. पण ते ताजं खायचं. मुरवायच्या चीजला बांबू नको, उकळूनही फटी स्वच्छ होत नाहीत.

निवळी
प्रेस विकत घ्यायची घाई नको. पाण्याने भरलेला ५ लिटरचा कॅन म्हणजे ५ किलो, व्यायामाच्या लोखंडी चकत्या त्याहून बऱ्या.

मात्र पाककृतीतले किलो डोळे झाकून घेऊ नका. महत्त्व दाबाला असतं, वजनाला नाही. १० सेंमी व्यासाच्या साच्याचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंमी, १५ सेंमीच्या साच्याचं १७७. लहान साच्यावर १० किलो ठेवून जो दाब येतो तोच मोठ्यावर आणायला साडेबावीस किलो लागतात.

१० सेंमीच्या साच्याला: २ किलो १५ मिनिटं, काढून उलटा, ५ किलो अर्धा तास, उलटा, १० किलो रात्रभर. सुरुवातीलाच १० किलो चढवलेत तर बाहेरची साल बंद होते, निवळी आत कोंडते, आणि आठवड्याभराने आंबट, भेगाळलेलं चीज हाती येतं. दाबताना खोली २२-२५ अंशांच्या खाली नको; गार कर्ड एकजीव होत नाही.

खारी_बिस्किट
मोझरेला ताणलंच जात नाही, गरम पाण्यात तुकडे तुकडे होतात. सायट्रिकवालं, म्हशीचं दूध, कॅल्शियम क्लोराइड घातलं होतं.

दूधखुळा
म्हशीच्या दुधाला कॅल्शियम कशाला? ताण यायला केसिनमधलं कॅल्शियम काही प्रमाणात *निघून जायला* हवं, म्हणून तर आम्ल घालतो. तुम्ही एका हाताने काढलंत, दुसऱ्या हाताने घातलंत. ते वगळा, सायट्रिक ७ वरून ८ ग्रॅम करा. मग पाणी मोजा: ८०-८५ अंश हवं, कर्ड आतून ५७ च्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. सगळं कर्ड पाण्यात टाकण्याआधी सुपारीएवढा तुकडा बुडवून ताणून बघा. चकचकीत होऊन लांबला तर पुढे जा. याउलट पाण्यात चिखल होऊन पसरला तर आम्ल जास्त झालं.

आंबटपणाची पट्टी घेणार असाल तर १ ते १४ वाली साधी लिटमसछाप नको, ४ ते ७ मधली बारीक पायऱ्यांची घ्या. विरजण लावलेलं मोझरेला ताणायला ५.२-५.३ च्या आसपास. पीएच मीटर घ्यायचं तर ४ आणि ७ ची बफर द्रावणं (मीटर बरोबर दाखवतंय का ते जुळवून घ्यायला) सोबत घ्यावीच लागतात, आणि टोक डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवायचं नसतं, खराब होतं.

चक्काबहाद्दर
मुरवायचं कुठे? फ्रिजमध्ये ठेवलेल्याला आठ दिवसांत तडे गेले.

विरजणवाली
घरचा फ्रिज ४ अंशांवर आणि कोरडा. मुरायला लागतात १०-१३ अंश आणि ८०-८५ टक्के आर्द्रता. पुण्या-मुंबईत बाहेर ठेवायचा प्रश्नच नाही. जुना एकदारी फ्रिज आणि एसटीसी-१००० नावाचा तापमान नियंत्रक: नियंत्रकाचा सेन्सर आत, फ्रिजची पिन नियंत्रकातून. १२ वर लावा, फरक १ अंशाचा, कंप्रेसरला ५ मिनिटांची उसंत. जोडणी उघड्या वायरची असते, ती इलेक्ट्रिशियनकडूनच डब्यात बसवून घ्या. आर्द्रतेसाठी चीज झाकणाच्या मोठ्या डब्यात, खाली प्लास्टिकची जाळी. झाकणाला आतून थेंब दिसले की पुसून झाकण किंचित तिरपं ठेवा, चीज रोज उलटा.

एवढा खटाटोप नको असेल तर दोन दिवस साल वाळवून व्हॅक्यूम पिशवीत बंद करा. मेणबत्तीचं मेण लावू नका, गार झालं की तडकतं आणि फटीतून बुरशी आत जाते.

कोथरूडचा_काका
चीज साच्यातून काढल्यावर दुसऱ्या दिवशी पावासारखं फुगलं, आत बारीक बारीक भोकं. स्विस झालं का?

विरजणवाली
नाही हो, काका. स्विसची भोकं मोठी असतात आणि आठवड्यांनी पडतात. एक-दोन दिवसांत स्पंज झाला म्हणजे कोलिफॉर्म जंतूंचा वायू. चाखून बघू नका, टाका. कापड, साचा, झारा सगळं १० मिनिटं उकळा. डबा उकळण्याजोगा नसेल तर साधं ब्लीच (४-५ टक्क्यांचं) लिटरला ५ मिली, दहा मिनिटं बुडवून. मग उकळलेल्या पाण्याने नीट खंगाळा, नाहीतर तेच क्लोरीन पुढच्या घाण्यातलं रेनेट मारेल.

खारी_बिस्किट
आणि कापड? पहिल्याच वापरानंतर ताठ आणि वासट झालंय.

निवळी
गरम पाण्यात टाकलंत म्हणून. उष्णतेने प्रथिनं धाग्यात बसतात. आधी गार पाण्यात चोळून सगळं कर्ड काढायचं, मग खाण्याचा सोडा घालून उकळायचं, उन्हात वाळवायचं. सुगंधी साबण लावायचा नाही. बाजारात 'चीजक्लॉथ' म्हणून मिळते ती विरळ जाळी घेऊ नका, अर्धं कर्ड निवळीबरोबर वाहून जातं. श्रीखंडाचा चक्का बांधता तेच मलमल, पण चीजसाठी वेगळं ठेवा आणि कोपऱ्याला एक रंगीत टाका घाला.